ऊब आणि झरोका : काश्मिरी घरातील हिवाळ्याचा एक दिवस

श्रीनगर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. २१ डिसेंबरपासून तेथे 'चिल्लई कलान' नावाचा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. रात्री पारा शून्याखाली उतरतो. १९३४ च्या डिसेंबरात तर तो उणे १२.८ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याची नोंद आहे. अशा दिवसांत घर चालविणे म्हणजे उष्णतेचा जमाखर्च सांभाळणे होय. ऊब निर्माण करावयाची तर अग्नी पेटवावा लागतो, आणि ती टिकवावयाची तर दारेखिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हे अशा घरातील एक दिवस पाहिला असता ध्यानात येईल.

सकाळी गृहिणीची पहिली गाठ पडते ती नळाशी. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. बंद नळीत त्याला पसरावयास जागा नसल्यामुळे दाब वाढतो आणि नळी फुटते. म्हणून उघड्यावरील नळ्यांना गोणपाट गुंडाळतात व रात्री तोटी किंचित सैल सोडून बारीक धार वाहती ठेवतात. नळी गोठलीच, तर तिच्यावर पेटता बोळा धरू नये. तोटी उघडी ठेवून, तिच्या बाजूकडून आरंभ करून, गरम पाण्यात भिजविलेली फडकी गुंडाळीत जावे. म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडावयास वाट राहते.

पाणी आले की चहाची वेळ होते. हिरव्या चहाची पाने सोड्याबरोबर बराच वेळ उकळून त्यात दूध व मीठ घातले की गुलाबी रंगाचा 'नून चाय' तयार होतो. तो ज्या समोवारात ठेवतात त्याची रचना पाहण्यासारखी असते. तांब्याच्या या भांड्याच्या मध्यभागी एक उभी नळी असून तीत पेटते निखारे घालतात. नळीतील हवा तापून हलकी होते व वर निघून जाते. तिची जागा घेण्यास खालच्या छिद्रांतून ताजी हवा आत शिरते. पंख्यावाचून, फुंकणीवाचून अग्नी आपला श्वास आपणच घेतो. घराच्या धुराड्याचे तत्त्वही हेच आहे.

दुपारच्या जेवणासाठी राजमा रात्रीच भिजत घातलेला असतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे श्रीनगरात पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. आच कितीही वाढविली तरी उकळत्या पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही. जळण मात्र अधिक खर्च होते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्रेशर कुकरात वाफ कोंडून दाब वाढतो, तापमान ११० अंशांच्या वर जाते, आणि राजमा लवकर शिजतो. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. भिजविलेले पाणी टाकून दाणे नव्या पाण्यात खळखळून, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजविले म्हणजे ते निकामी होते. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी मात्र ओकाऱ्या व जुलाब होऊ शकतात. कुकर चढविण्यापूर्वी शिटीखालचे भोक उजेडासमोर धरून पाहण्यास विसरू नये. कोंडलेल्या वाफेला ती एक वाट मोकळी असलीच पाहिजे.

जेवणानंतर, ऊन पडले असल्यास, 'होख स्यून' बाहेर येते. उन्हाळ्यात दुधी, वांगी, टोमॅटो यांच्या फोडी वाळवून ठेवावयाच्या आणि त्या हिवाळ्यात शिजवावयाच्या, अशी ही जुनी रीत आहे. जंतूंना व बुरशीला वाढण्यासाठी पाणी लागते. ते काढून घेतले की भाजी टिकते. परंतु बंद खोलीतील दमट हवेत वाळवणाला पुन्हा ओल धरते. म्हणून ते अधूनमधून उन्हावाऱ्यात पसरावे. बुरशी आलेले वाळवण टाकूनच द्यावे, कारण बुरशीची काही विषे शिजविल्यानेही जात नाहीत. याच सुमारास बुखारीची, म्हणजे लोखंडी शेगडीची, नळी उतरवून तीतील काजळी झाडतात. काजळीने नळी अरुंद झाली की धुराची वाट अडते.

संध्याकाळी घरोघर कांगडी भरली जाते. विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात कोळशाचे निखारे व वर राखेचा थर, अशी ही लहानशी शेगडी काश्मिरी माणूस आपल्या फेरनच्या आत घेऊन बसतो. राखेमुळे निखाऱ्यांना हवा कमी मिळते व ते संथ जळतात. या सोबतिणीचा एक दोष वैद्यांना फार पूर्वी दिसला. वर्षानुवर्षे एकाच जागी शेक बसल्याने पोटाच्या व मांडीच्या त्वचेवर कर्करोग होतो, असे डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये नोंदविले.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. प्रथम डोके दुखते, मग चक्कर, मळमळ व गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला तर ही सूचनाही मिळत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज म्हणूनच घातक आहे. लालबुंद, निर्धूर निखारा अधिक फसवा असतो, कारण धुराने निदान खोकला तरी येतो.

हे संकट काश्मीरपुरते नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकशेगडी ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे, आणि शहरांतील न्हाणीघरांत, खिडकी लावून घेतलेल्या जागेत, पाणी तापविणारे गॅसचे यंत्र जळत असते. थंडी कमी असली तरी रसायनशास्त्र तेच राहते. म्हणून निजण्यापूर्वी निखारे घराबाहेर ठेवावेत. जळते यंत्र धुराड्यावाचून वापरू नये. खोलीत अग्नी असेतोवर हवा आत येण्यास व बाहेर जाण्यास वाट मोकळी असावी. कोणास गुंगी आलेली दिसल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे.

झरोक्यातून थोडी ऊब बाहेर जाते, हे खरे. परंतु एक जास्तीचे पांघरूण घेतले की तिची भरपाई होते.