थॅडियस स्टीव्हन्स

थॅडियस स्टीव्हन्स (४ एप्रिल १७९२ – ११ ऑगस्ट १८६८) हे अमेरिकेतील वकील आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातून निवडून आलेले प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. यादवी युद्धाच्या व त्यानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात ते रिपब्लिकन पक्षातील जहाल गटाचे प्रमुख नेते होते.

त्यांचा जन्म व्हर्माँट राज्यातील डॅनव्हिल येथे गरीब कुटुंबात झाला. एक पाय जन्मतःच वाकडा असल्याने ते आयुष्यभर लंगडत चालत. १८१४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियात आले व १८१६ पासून गेटिसबर्ग येथे, तर १८४२ पासून लँकेस्टर येथे वकिली करू लागले.

गुलामगिरीचे कट्टर विरोधक अशी त्यांची ख्याती असली, तरी १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या स्वातंत्र्य मागणाऱ्या स्त्रीविरुद्ध त्यांनी मालकाच्या बाजूने खटला लढवला आणि जिंकला, हे विसरून चालत नाही. पुढे मात्र त्यांनी पळून आलेल्या गुलामांची बाजू मांडली. १८५१ च्या ख्रिस्तियाना प्रकरणात राजद्रोहाचा आरोप असलेल्या कॅस्टनर हॅनवे यांच्या बचावपक्षात ते होते; हॅनवे निर्दोष सुटले.

राज्य विधिमंडळात असताना मोफत सार्वजनिक शाळांचा १८३४ चा कायदा रद्द करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा १८३५ मधील त्यांच्या भाषणाने कायदा वाचवण्यास मोठा हातभार लावला. १८३७–३८ च्या राज्यघटना परिषदेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतल्यामुळे त्यांनी त्या घटनेवर सही करण्यास नकार दिला.

ते १८४९–५३ आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत प्रतिनिधिगृहात होते. युद्धकाळात अर्थविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे असल्याने युद्धखर्चाची तरतूद बव्हंशी त्यांच्या हातून झाली. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा कॅलेडोनिया येथील लोखंडाचा कारखाना जाळला. बड्या बंडखोरांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या गुलामांना प्रत्येकी ४० एकर द्याव्यात, ही त्यांची मागणी काँग्रेसने मान्य केली नाही. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा मसुदाही त्यांना अपुरा वाटत होता, तरीही त्यांनी १८६६ मध्ये तिला पाठिंबा दिला. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात त्यांनी पुढाकार घेतला. सिनेटमध्ये तो एका मताने फसला.

त्यानंतर काही महिन्यांतच वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. लँकेस्टरमधील ज्या दफनभूमीत वर्णभेद पाळला जात नव्हता, तिथेच त्यांना त्यांच्या इच्छेनुसार पुरण्यात आले. त्यामागचे कारण त्यांनी स्वतःच्या समाधिलेखात नमूद करून ठेवले होते.