घरचा प्रिंटर, घरचे कागद

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीचा दाखला असो की सातबाराचा उतारा, शेवटी कागद लागतोच. वाडीवस्तीवरच्या विद्यार्थ्याने इंदापूर नाहीतर बारामतीचे झेरॉक्सचे दुकान गाठायचे, आधार कार्ड व गुणपत्रिका दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायची आणि ती तिथेच राहू द्यायची, असा रिवाज पडला आहे. पैशाचे एकवेळ सोसता येईल. परंतु आपली कागदपत्रे परक्या संगणकावर पडून राहणे धोक्याचे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात जुना संगणक असेल तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून वायफायचा प्रिंटर जोडता येतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एक प्रिंटरच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये झेरॉक्स कंपनीचा प्रिंटर वारंवार अडत असे. रिचर्ड स्टॉलमन यांना तो सुधारायचा होता, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यात आला. १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा दिला. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सचीच भारतीय आवृत्ती होय.

आता कृती पाहू. प्रथम प्रिंटरच्या पडद्यावरून वा कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवरून त्याला घरच्या वायफायचा पासवर्ड द्यावा. पुष्कळ घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच ओळखतात, ५ च्या नाही. तेव्हा राउटरवर २.४ चालू आहे ना, हे पाहावे. संगणक आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर हवेत. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवरून ते सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

नंतर लिनक्सच्या सेटिंगमध्ये 'प्रिंटर' उघडून नवा प्रिंटर जोडावा. छपाईचे काम १९९९ साली आलेली 'कप्स' ही यंत्रणा पाहते. अलीकडचे बहुतेक वायफाय प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. काही जुन्या लेझर प्रिंटरना मात्र कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. म्हणून घेण्यापूर्वी लिनक्सवर चालतो का, हे जरूर विचारावे.

आपल्याकडे वीज जाते-येते. राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरचा नेटवर्कवरील पत्ता बदलू शकतो. मग काल चालणारा प्रिंटर आज 'ऑफलाइन' दिसतो. प्रिंटर बिघडला असे समजून मेकॅनिककडे धावू नये. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता कायम राखून ठेवावा, म्हणजे ही कटकट मिटते.

वायफाय नसलेला जुना प्रिंटरही टाकून देऊ नका. तो केबलने लिनक्स संगणकाला जोडावा आणि सेटिंगमध्ये 'शेअर' करावा. तो संगणक चालू असेतोवर घरातील इतर संगणकांवरूनही छपाई होते.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करावा, जोडाक्षरे नीट आहेत का ते पाहावे आणि मगच छापावा.

हे काम कॉम्प्युटरवाल्यांचेच, असे समजून बाजूला ठेवू नका. मुलामुलींना सोबत घेऊन बसा. एका रविवारी शिकलेली ही गोष्ट अर्जाच्या शेवटच्या तारखेला कामी येईल, आणि आपले कागद आपल्याच घरात राहतील.