वेदनेला साक्षीदार कोण?

गाणाऱ्याचा सूर लागला की नाही, हे ठरवायला खुद्द गाणाऱ्याची साक्ष लागत नाही; समोर बसलेल्यांचे कान पुरतात. दुखण्याचे तसे नाही. ते ज्याच्या देही त्यालाच ऐकू येते. त्याने सांगावे आणि इतरांनी मानावे, एवढाच काय तो त्याचा पुरावा. आणि इतरांनी मानलेच नाही तर? या प्रश्नाची टोचणी मला कित्येक वर्षे आहे. ती का आहे, हे सांगितल्यावाचून आजच्या विषयाकडे वळता येत नाही.

माझे वडील माळव्यातील एका मराठी संस्थानात दरबारी सतारिये होते. पोरवयातच त्यांना दरबारची चाकरी लागली. संस्थाने विलीन झाली तरी महाराजांच्या खासगीतून थोडेफार वेतन मिळत राहिले. १९७१ साली राजेलोकांचेच तनखे बंद झाले, तेव्हा तेही आटले. मग अण्णा भोपाळला आले आणि शिकवण्या करू लागले. उतारवयात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. झटका सौम्य होता. वाचा शाबूत राहिली, चालणेही महिन्याभरात सुधारले. पण दोन-तीन महिन्यांनी उजवा हात जळू लागला. नखी घालायचा तोच हात. त्या हाताला सुई टोचलेली धड कळत नसे, आणि मलमलीच्या सदऱ्याची बाही नुसती घासली तरी निखारा ठेवल्यासारखे होई. ‘अरे, हात पेटलाय माझा,’ असे ते रात्री-अपरात्री म्हणत. आम्ही दाखवायला नेले. हाड ठीक, रक्त ठीक, नाडी ठीक. एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘वयोमानाने माणूस हळवा होतो, फार मनावर घेऊ नका.’ मी त्यांचे ऐकले. अण्णांचे ऐकले नाही. एकदा तर, ‘अण्णा, तपासण्या सगळ्या चांगल्या आल्यात, आता हे मनातून काढून टाका,’ असेही बोलून गेलो. त्यानंतर हाताविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. आईशी तेवढे बोलत.

या दुखण्याला वैद्यकात नाव आहे, आणि ते नाव काही आजचे नाही, हे मला अण्णा गेल्यावर कळले. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीराकडून येणाऱ्या बहुतेक संवेदना तेथून पुढे वाटल्या जातात. पक्षाघातात या भागाला इजा झाली, तर हातापायाला काहीही झालेले नसताना त्यात आग पेटते, हे देजेरीन आणि रूसी या दोघा वैद्यांनी पॅरिसमध्ये १९०६ सालीच लिहून ठेवले होते. झटक्यानंतर आठवड्यांनी वा महिन्यांनी ती सुरू होते. औदासीन्यावर आणि अपस्मारावर जी औषधे देतात त्यांपैकी काहींनी काही रोग्यांना उतार पडतो. पुष्कळांना पडत नाही. सतारीच्या तरफेच्या तारांना कोणी हात लावीत नाही, तरी त्या बोलतात. अण्णांच्या हाताचे तसेच होते. झंकार खरा होता. आम्ही मात्र नखी कोठे लागली ते हातावर शोधीत बसलो.

ही चूक आमच्या घरचीच नव्हे, शास्त्राचीही फार जुनी आहे. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने वेदनेचे जे चित्र काढले ते असे, की पाय विस्तवावर पडला म्हणजे जणू एक दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. घंटा वाजली म्हणजे दोरी कोणीतरी ओढलेलीच असणार, असा त्याचा सरळ अर्थ. हे चित्र तीनशे वर्षे टिकले. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी दाखविले, की पाठीच्या कण्यात वेदनेला जणू दार आहे. ते उघडते, मिटते, आणि मेंदूही वरून ते लोटू शकतो. कोपर आपटले की आपण ते चोळतो आणि बरे वाटते, ते याच दाराच्या कृपेने. पुढे १९६९ साली रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूत खोलवर एका ठिकाणी बारीक विद्युत्‌प्रवाह सोडला आणि भुलीवाचून त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत होसोबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या असह्य वेदनेने गांजलेल्या माणसांच्या थॅलॅमसमध्ये तार बसवून त्यांना आराम मिळवून दिला.

आता वेदनेचे दिवस भरले, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण गाडी तेथेच रुतली. अमेरिकेत या उपचाराच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत १९६ रोगी होते, दुसरीत ५०. वर्षअखेर निदान निम्म्या रोग्यांची निम्मी तरी वेदना कमी व्हावी, एवढीच अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, असा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. मेंदूतील तारेला कंपवातासाठी सरकारी मान्यता मिळाली, वेदनेसाठी मिळाली नाही. कोणाला वर्षानुवर्षे आराम पडे, कोणाला चार महिन्यांत पूर्वीचेच हाल. आणि असे का होते हे सांगता येईना. कारण कंप डोळ्यांना दिसतो. तार हलविली, प्रवाह वाढविला, हात थांबला, हे डॉक्टर समोर पाहू शकतो. वेदना दिसत नाही. सूर ऐकू येत नसताना वाद्य मिळविण्यासारखे ते काम होते.

हे वाद्य ऐकता येईल का, या प्रश्नामागे जे संशोधक लागले आहेत त्यांत एक नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारावेत : प्रसाद शिरवळकर. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे होसोबुचींच्याच संस्थेत, ते वेदनेचे डॉक्टर आणि मेंदूचे अभ्यासक आहेत. त्यांच्या कामाचा आरंभ वेदनेपासून झालेला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या थॅलॅमसच्या मध्यभागी विद्युत्‌प्रवाह दिला असता त्याची ओळखीची शक्ती वाढते, हे दाखविले. २०१० सालच्या निबंधाचा विषय तर आम्हा संगीतवाल्यांना जवळचा. उंदीर वाट आठवीत असतो तेव्हा त्याच्या मेंदूतील संथ लहरी आणि जलद लहरी एकमेकींशी कशा बांधल्या जातात, हे त्यात मोजले आहे. विलंबिताच्या एकेका मात्रेत द्रुताचे बोल बसावेत, तसे काहीसे. मेंदूला विद्युत्‌प्रवाह देणे आणि मेंदूची लय ऐकणे, या दोन्ही विद्या त्यांच्या हाती अशा आधीच आल्या होत्या. त्या त्यांनी वेदनेकडे वळविल्या.

२०२३ च्या मे महिन्यात ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. रोगी अवघे चार. तिघांना पक्षाघातानंतरची वेदना, अगदी अण्णांची होती तीच. चौथ्याचा अवयव कापून टाकलेला, तरी तो नसलेला अवयव दुखत होता. चौघांच्याही मेंदूत दोन ठिकाणी तारा बसविल्या. एक जागा डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे. दुसरी मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीत, पुढच्या बाजूस. मग रोगी आपापल्या घरी गेले. दिवसातून अनेक वेळा त्यांनी एक कळ दाबायची आणि आत्ता किती दुखते आहे ते सांगायचे. त्याच वेळी मेंदूतील लहरींची नोंद यंत्र करून ठेवी. हे तीन ते सहा महिने चालले. आजवर मेंदूची अशी परीक्षा प्रयोगशाळेतल्या काही मिनिटांत होत असे. येथे माणूस घरी जेवत, झोपत, चिडत, हसत असतानाची वेदना नोंदली गेली.

या नोंदी संगणकाला दिल्या, तेव्हा केवळ लहरी पाहून ‘या वेळी वेदना जास्त होती, या वेळी कमी’ हे त्याला बऱ्याच अंशी ओळखता येऊ लागले. कपाळामागच्या जागेने त्यात मोठी साथ दिली. आणखी एक गोष्ट दिसली. कातडीला मुद्दाम गरम चटका दिला तर त्या क्षणिक वेदनेची खूण मधल्या भिंतीतल्या जागेत अधिक उमटे. वर्षानुवर्षांच्या वेदनेची कपाळामागे. म्हणजे चटका आणि चिरवेदना ही एकाच दुखण्याची लहानमोठी रूपे नव्हेत. हाताला सुई कळत नाही पण हात जळतो, हे अण्णांचे म्हणणे आम्हाला विसंगत वाटत होते. त्यात विसंगत काही नव्हते.

या शोधाचा उपयोग काय? आजवरची तार अहोरात्र एकाच मापाने प्रवाह देत असे. रियाजाला आपण तबल्याचे यंत्र लावतो. गाणारा थांबो, चुको, दमो, ठेका तोच. खरा तबलजी गाणाऱ्याकडे कान ठेवतो, कोठे हात आवरायचा आणि कोठे भरायचा हे त्याला कळते. शिरवळकर आणि त्यांच्या मंडळींचा खटाटोप आहे तो यंत्राचा असा तबलजी करण्याचा : वेदना चढू लागली की ओळखावी, तेव्हाच प्रवाह द्यावा, उतरली की थांबावे. मेंदूने त्या प्रवाहाला सरावून जाऊ नये, हाही त्यात हेतू. मात्र चौघांवरून जगाचा हिशेब मांडता येत नाही. प्रत्येकाच्या मेंदूची खूण थोडी वेगळी निघाली. आणि कवटीला भोक पाडून करायचा हा उपचार दुसरे सारे इलाज हरलेल्यांसाठीच आहे. तो उद्या आपल्या गावच्या दवाखान्यात मिळेल, असे कोणी समजू नये.

मला या निबंधात सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट निराळीच. संगणकाला वेदना ओळखायला शिकविले कोणी? रोग्यांनी. त्यांनी कळ दाबून ‘आता फार दुखते’ म्हटले, ते खरे धरले, आणि त्यावरून लहरींचा अर्थ लावला. दुखणाऱ्याचा शब्द हेच येथले मूळ माप. यंत्र त्याच्या मागून चालले. म्हणून उद्या कोणी असे यंत्र पुढे करून ‘यात काही दिसत नाही, तेव्हा तुम्हाला दुखत नाही’ म्हणू लागला, तर त्याने शास्त्र उलटे वाचले असे समजावे.

भोपाळकरांना हे समजावून सांगायला नको. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर या शहरात किती माणसांना आपल्या दुखण्याचा कागद दाखवीत वर्षानुवर्षे दारोदार फिरावे लागले! ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांचे दुखणे काही कमी नव्हते.

आपल्या घरी पक्षाघातातून उठलेले कोणी वडीलधारे असतील आणि अंग जळते, पांघरूण बोचते म्हणत असतील, तर त्याला हळवेपणा म्हणू नका. डॉक्टरांना तेच शब्द जसेच्या तसे सांगा. एकाने मान हलविली तर दुसऱ्याकडे, मेंदूच्या जाणकाराकडे जा. मला हे फार उशिरा कळले. अण्णांची सतार माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी तिच्या तरफा मिळवितो.