मुक्या चोरघंटेला वाचा

२२ फेब्रुवारी २०२२ रोजी एटी अँड टी या अमेरिकी कंपनीने आपलं थ्रीजी मोबाइल जाळं बंद केलं. वर्ष संपता संपता व्हेरायझननेही तेच केलं. जुने फोन निकामी झाले आणि त्यांच्याबरोबर कपाटांत, तळघरांत बसवलेल्या असंख्य चोरघंटांचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्कही तुटला. कीपॅडवरचा हिरवा दिवा तसाच राहिला. दार उघडलं की टिंग वाजत राहिलं, कोड दाबला की पहारा सुरू होत राहिला. पण घरात चोर शिरला असता तर सायरन वाजवण्यापलीकडे ती पेटी काही करू शकली नसती.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात जुनं घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना अशी पेटी अनेकदा घराबरोबर मिळते. आत हिरवं सर्किट बोर्ड, तारांचा गुंता आणि तळाशी काळी बॅटरी. बोर्डावर नाव असतं अमेरिकेतल्या हनीवेलच्या ‘व्हिस्टा-२०पी’चं किंवा कॅनडातल्या डीएससी कंपनीच्या ‘पॉवरसिरीज’चं. विक्रेता सांगतो, हे जुनं झालं, काढून टाका आणि नवं बसवून महिन्याचा करार करा. माझं म्हणणं वेगळं आहे. या पेटीचा फार थोडा भाग जुना झालेला असतो. तेवढाच बदलला आणि पेटीचं प्रोग्रॅमिंग नव्याने केलं, तर ती कंपनीच्या देखरेख केंद्राऐवजी थेट मालकाला खबर देऊ लागते. मात्र त्याबरोबर पहारेकऱ्याचं कामही मालकाकडे येतं, आणि त्याचा विचार आधी करावा लागतो.

ओळखणं आणि कळवणं

चोरघंटेची कामं दोन: घुसखोरी ओळखणं आणि ती कुणाला तरी कळवणं. मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विद्युतचुंबकीय चोरघंटेचं पेटंट घेतलं, तेव्हा दार उघडलं की घरातच घंटा वाजत असे. हे हक्क एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा केला. पुढे चोरघंटांच्या तारा शहरातल्या एका केंद्रापर्यंत नेल्या गेल्या. १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये होम्स यांच्या चोरघंटेच्या तारांवर टेलिफोनही जोडले गेले. तेव्हापासून चोरघंटेचं कळवणं संपर्काच्या तंत्रज्ञानाला बांधलं गेलं. ते तंत्रज्ञान बदललं की घंटा मुकी होते, मग तिची ओळखण्याची ताकद कितीही शाबूत असो.

ती बहुधा शाबूतच असते. दाराच्या चौकटीत बसवलेला सेन्सर म्हणजे ‘रीड स्विच’. बेल लॅब्जमधल्या वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ मध्ये शोधला. काचेच्या बंद नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दाराला लावलेलं चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटतात, दार उघडलं की सुटतात. हवा आणि ओल आत जात नसल्याने त्या गंजत नाहीत. वीस वर्षांपूर्वी बसवलेला असा स्विच आजही चोख काम करताना दिसतो.

खोलीच्या कोपऱ्यातला हालचाल टिपणारा सेन्सरही भौतिकशास्त्राच्या साध्या नियमावर चालतो. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस. त्या तापमानाच्या वस्तूतून सर्वाधिक तीव्रतेने बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी सुमारे साडेनऊ मायक्रॉन येते. सेन्सरपुढच्या प्लॅस्टिकच्या भिंगावर खाचा असतात आणि त्यांमुळे खोलीचे पट्टे पडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सेन्सरवर पडणारी उष्णता वर-खाली होते आणि त्यातला स्फटिक विद्युतभार निर्माण करतो. मोबाइलची पिढी कोणतीही असो, हे नियम बदलत नाहीत.

तारेचंही तसंच. प्रत्येक झोनच्या, म्हणजे एखाद्या दाराच्या किंवा खिडकीच्या तारेच्या, दुसऱ्या टोकाला एक लहानसा रोधक, म्हणजे रेझिस्टर, जोडलेला असतो: व्हिस्टामध्ये २,००० ओहमचा, डीएससीमध्ये ५,६०० ओहमचा. पॅनेल, म्हणजे पेटीतलं मुख्य बोर्ड, त्या तारेतला विरोध अखंड मोजत राहतं. तार कापली तर विरोध अमर्याद होतो, दोन तारा जोडून फसवायचा प्रयत्न केला तर तो शून्यावर येतो. दोन्ही वेळा पॅनेल सावध होतं. अट एकच, रोधक सेन्सरजवळ हवा. बसवणाऱ्याने श्रम वाचवून तो पेटीतच जोडला असेल, तर मधल्या तारा जोडल्याचं पॅनेलला कळत नाही. जुनी पेटी ताब्यात घेतल्यावर पहिल्यांदा हे तपासावं.

सोळा आकड्यांचा निरोप

फोनवरून ही पेटी काय बोलत असे? जुन्या पॅनेलांची सर्वांत रुळलेली भाषा ‘कॉन्टॅक्ट आयडी’. पॅनेल स्वतः केंद्राचा नंबर लावतं. पलीकडून आधी १,४०० आणि मग २,३०० हर्ट्झचा सूर येतो, म्हणजे ‘बोल, ऐकतोय’. मग पॅनेल फोनच्या बटणांच्या सुरांत सोळा आकडे पाठवतं. समजा, निरोप असा आहे:

४३२१ १८ ११३१ ०१ ००३ १

पहिले चार आकडे घराचा खाते क्रमांक. १८ ही भाषेची खूण. त्यापुढचा १ म्हणजे नवी घटना आणि १३१ म्हणजे घराच्या बाहेरच्या कडेवरून, दार किंवा खिडकीतून, घुसखोरी. ०१ हा घराचा विभाग आणि ००३ हा तिसरा झोन, उदाहरणार्थ मागचं दार. आग असती तर ११०, वीज गेली असती तर ३०१, बॅटरी उतरली असती तर ३०२. शेवटचा आकडा पडताळणीचा. सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, शून्याला दहा धरायचं; ती १५ च्या पटीत आली तर निरोप शुद्ध. वरच्या आकड्यांची बेरीज ६० येते. निरोप नीट पोहोचला की केंद्र पुन्हा १,४०० हर्ट्झचा सूर देऊन पोच देतं. आकडे पाठवायला दोन सेकंदही लागत नाहीत.

ही भाषा तांब्याच्या तारेसाठी घडली. इंटरनेटवरून चालणारा फोन आवाज दाबून, तुकडे करून पाठवतो. माणसाचं बोलणं त्यातून समजतं, पण नेमक्या सुरांचे आकडे बिघडू शकतात. म्हणून फोनची तार काढून इंटरनेटचा फोन घेतलेल्या कित्येक घरांत पॅनेल नंबर लावत राहतं, पोच मिळत नाही आणि कीपॅडवर संपर्क न झाल्याची खूण उमटते.

पॅनेलचा ताबा

दुरुस्तीची किल्ली आहे ती कीपॅडला जोडणाऱ्या चार तारांत: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. पॅनेलला जे काही कळतं, ते या तारांवरून कीपॅडकडे जातं. कॅनडातलं ‘एन्व्हायसालिंक’ नावाचं छोटं बोर्ड या चार तारांना जोडतात. पॅनेलच्या लेखी ते आणखी एक कीपॅड असतं. दुसऱ्या बाजूने ते घरच्या इंटरनेटला जोडलेलं असल्याने पॅनेलची प्रत्येक हालचाल मालकाच्या फोनवर पोहोचवतं. दुसरी वाट ‘कनेक्टेड’सारख्या बोर्डांची. तिथे जुनं पॅनेल काढून टाकतात, फक्त सेन्सरच्या तारा ठेवतात आणि निर्णय घेण्याचं काम ‘होम असिस्टंट’सारख्या खुल्या प्रणालीकडे देतात. मला पहिली वाट अधिक भरवशाची वाटते. इंटरनेट बंद पडलं, संगणक अडकला, तरी जुनं पॅनेल आपल्या बॅटरीवर पहारा देत राहतं आणि सायरन वाजवतं.

काम सुरू करण्याआधी चालू देखरेखीचा करार असेल तर तो रीतसर संपवावा, नाहीतर चाचणीच्या पहिल्याच सायरनला दारात पोलीस येतील. मग झोनची यादी करावी: कोणत्या क्रमांकावर कोणतं दार, कोणती खिडकी. पॅनेल कारखान्यातल्या मूळ स्थितीला नेलं तर ही नोंद पुसली जाते आणि ती कागदावर नसेल तर प्रत्येक तार पुन्हा शोधत बसावं लागतं. बोर्डाला हात लावण्यापूर्वी आधी ट्रान्सफॉर्मर काढावा, मग बॅटरी.

पॅनेलचं प्रोग्रॅमिंग उघडायला बसवणाऱ्याचा, म्हणजे इन्स्टॉलरचा, कोड लागतो. घरमालकाचा रोजचा कोड इथे चालत नाही. व्हिस्टामध्ये कारखान्यातून ४११२ हा कोड येतो आणि त्यापुढे ८०० दाबलं की प्रोग्रॅमिंग उघडतं. डीएससीत ५५५५ असतो आणि त्याआधी तारा (*) व ८ दाबावं लागतं. कंपनीने कोड बदलला असेल तर व्हिस्टाची वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडतात आणि पहिल्या ५० सेकंदांत तारा (*) आणि चौकट (#) ही दोन बटणं एकत्र दाबतात. बहुतेक पॅनेल त्यावर उघडतात. डीएससीत मात्र बसवणाऱ्याने पक्कं कुलूप घातलेलं असू शकतं. मग बोर्ड बदलण्यावाचून इलाज नसतो. घरमालकाने पैसे मोजलेलं यंत्र त्यालाच उघडता येऊ नये, हे मला अन्यायाचं वाटतं. नवी यंत्रणा घेताना करारात ‘इन्स्टॉलर कोड आम्हाला द्यावा’ ही ओळ मागून घ्यावी.

आत गेल्यावर काम फार नसतं. व्हिस्टात ४१ क्रमांकाच्या जागी केंद्राचा फोन नंबर असतो, तो रिकामा करायचा. १९१ क्रमांकाच्या जागी १८ हा पत्ता असलेलं जादा कीपॅड सुरू करायचं. नवं बोर्ड त्याच पत्त्यावर बोलतं. फोनची तार आहे की नाही हे तपासत राहण्याची सोय बंद करायची, नाहीतर नसलेल्या तारेची तक्रार कीपॅड करत राहील. शेवटी इन्स्टॉलर कोड बदलायचा. कारखान्याचे कोड माहितीपुस्तिकांत छापलेले असतात. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर. याच कारणासाठी पॅनेलकडे येणारी वाट राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये.

पहारा कुणाचा?

देखरेख केंद्रात रात्रंदिवस कुणीतरी जागं असतं. महिन्याचं शुल्क मुख्यतः त्या जागरणाचं. ते बंद केल्यावर कोण जागणार?

हिवाळ्यात न्यू जर्सी आणि पुणे यांच्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. डिसेंबरच्या सुट्टीत कुटुंब पुण्याला आलेलं आहे आणि तिकडे दुपारी दोन वाजता मागचं दार फुटलं, तर पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. फोन सायलेंटवर. जाग आली तरी इथून ९११ लावून न्यू जर्सीचे पोलीस मिळत नाहीत. त्यासाठी त्या गावच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा पूर्ण नंबर देशाच्या क्रमांकासह फोनमध्ये जतन केलेला हवा. शेजारी किंवा जवळ राहणारा मित्र हा दुसरा आधार. त्याच्या फोनवरही खबर जाईल अशी सोय करावी आणि त्याला आधी नीट समजावून सांगावं.

पोलिसांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. अमेरिकी न्याय खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार चोरघंटांच्या ९४ ते ९८ टक्के हाका खोट्या असतात. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर २००० सालापासून प्रत्यक्ष खातरजमा झाल्याशिवाय चोरघंटेच्या हाकेला धावायचं नाही असं ठरवलं. म्हणून दाराकडे रोखलेला एखादा कॅमेरा जोडीला असावा. ‘घंटा वाजली’ यापेक्षा ‘मागच्या दाराने दोघं आत शिरताना दिसताहेत’ या वाक्याला नियंत्रण कक्षात कितीतरी अधिक वजन असतं.

शांततेचा अर्थ लावणंही शिकावं लागतं. पॅनेल गप्प आहे म्हणजे घर सुखरूप आहे, की पॅनेलच बंद पडलं आहे? केंद्राची पद्धत यावर उपाय म्हणून ठरावीक काळाने चाचणीचा निरोप मागते. कॉन्टॅक्ट आयडीत त्याचा क्रमांक ६०२. तो आला नाही की केंद्र चौकशी करतं. घरच्या व्यवस्थेतही बोर्डाचा संपर्क तुटला तर ईमेल येईल अशी सोय सुरू करावी. पॅनेलला बॅटरी असते, राउटरला नसते, ही अनेकांच्या नजरेतून सुटणारी फट आहे. वीज गेली की पॅनेल जागं राहतं आणि त्याचा निरोप नेणारा रस्ताच बंद होतो. राउटर आणि मोडेमला छोटा यूपीएस जोडला की ती फट बुजते. पॅनेलची बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी.

आगीच्या बाबतीत मात्र मी हा प्रयोग करू नका असंच सांगेन. चोरी झाली तर वस्तू जातात. आग लागल्यावर मिनिटांचा हिशेब असतो आणि धुरात किंवा कार्बन मोनॉक्साइडमध्ये घरातली माणसं बेशुद्ध असू शकतात. त्या क्षणी फोनवर आलेली सूचना पाहणारं कुणी उरत नाही. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे सेन्सर पॅनेलला जोडलेले असतील तर त्यांच्यासाठी व्यावसायिक देखरेख ठेवावी. एन्व्हायसालिंकसारख्या बोर्डावरूनही ती घेता येते. घराच्या विम्यात देखरेखीबद्दल सवलत मिळत असेल, तर ती टिकते का हेही विमा कंपनीला आधी विचारावं.

एवढं सगळं पाहिल्यावर निर्णय सोपा होतो. घरात बहुतेक वेळ कुणी असतं, शेजारी ओळखीचे आहेत, दर महिन्याला प्रत्येक दार उघडून चाचणी घेण्याची तयारी आहे, अशा घरात जुन्या पॅनेलचा ताबा घेणं शहाणपणाचं आहे. चालू स्थितीतलं यंत्र कचऱ्यात जाणं टळतं आणि आपल्या घराची यंत्रणा कशी चालते हे घरातल्या माणसांना कळतं. ज्यांना महिनोन्‌महिने घर बंद ठेवावं लागतं, त्यांनी पॅनेल जुनंच ठेवावं, कोड आपल्या हाती घ्यावा आणि जागण्यासाठी मात्र माणूस नेमावा.