पाणी पाजण्याआधी बसवा

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात कुणी भोवळ येऊन कोसळले, की जमलेल्यांपैकी कुणीतरी लगेच पाण्याची बाटली काढतो. पडलेल्याची मान मागे करून तोंडात पाणी ओतले जाते. हेतू चांगला, पण घशासाठी ही स्थिती फार वाईट.

अन्नाची आणि श्वासाची वाट घशात काही अंतर एकच असते. घोट गिळताना जीभ तो मागे ढकलते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, श्वासनलिकेवरची झडप झुकते, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे साधारण एका सेकंदात. कंठावर बोट ठेवून आवंढा गिळला, तर स्वरयंत्राची ही उडी हाताला कळते.

निरोगी माणूस आडवा पडूनही गिळू शकतो, कारण घोट पुढे नेण्याचे मुख्य काम स्नायूंचे आहे. शुद्ध हरपत असेल तर मात्र स्नायू उशिरा हलतात आणि पाणी त्यांच्यासाठी थांबत नाही. त्यात मान मागे असली, की गळ्याचे पुढचे स्नायू ताणले जातात, स्वरयंत्राला वर सरकणे जड जाते आणि श्वासाची वाट मोकळी राहते. कृत्रिम श्वास देताना मान मागे करतात, ती याचसाठी!

म्हणून बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, १०८ला फोन करावा. पूर्ण शुद्धीवर असेल तर बसवून घोट घोट पाणी द्यावे.

घरातल्या लकव्याच्या रुग्णालाही हेच लागू. पातळ चहा किंवा वरणाचे पाणी घट्ट भातापेक्षा वेगाने घसरते, आणि ते श्वासनलिकेत गेले तरी काहींना ठसकाही लागत नाही. पुढे न्यूमोनिया होतो तेव्हाच कळते. हनुवटी किंचित छातीकडे झुकवली, की श्वासनलिकेचे तोंड अरुंद होते. घशाची एक बाजू दुबळी असेल तर मान त्याच बाजूला वळवायला सांगतात. घोट मग चांगल्या बाजूने उतरतो. मात्र हे सर्वांना चालत नाही. अमेरिकेत २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश वा कंपवाताचे ७११ रुग्ण होते. हनुवटी झुकवणे आणि पाणी कमी-जास्त दाट करणे, यांपैकी एकाही उपायाने सुमारे निम्म्यांना फायदा झाला नाही. त्यामुळे कोणती स्थिती योग्य, हे गिळण्याची तपासणी करूनच ठरवावे. तोवर ताठ बसवणे, लहान चमचा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न होऊ देणे, एवढे तरी घरी पाळता येते.