धातूची काच आणि भंगुरता
काच म्हटली की माझ्या दवाखान्यात औषधाच्या बाटल्याच डोळ्यांसमोर येतात. पण काच ही खरे तर एक अवस्था आहे: द्रव गोठतो, अणू मात्र स्फटिकाच्या रांगेत बसत नाहीत. धातूंना त्या रांगेची भारी घाई. १९६० साली अमेरिकेत कॅल्टेकमध्ये पॉल डुवेझ यांनी सोने-सिलिकॉनचा वितळलेला थेंब सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगाने गार केला, तेव्हा कुठे पापुद्र्याएवढी धातुकाच मिळाली. पुढे १९९३ मध्ये झिर्कोनियमसह पाच धातूंच्या मिश्रणाला सेकंदाला दहा अंशही पुरले.

ही काच साधारण ३५० अंश सेल्सियसला मऊ होऊ लागते. आणखी तापवली तर अणू रांगा धरतात आणि काचपण संपते. साच्यात घालायचे ते या मधल्या अरुंद पट्ट्यातच.

मऊ होताना पाकासारखा दाटपणा किती झपाट्याने घसरतो, त्याला शास्त्रज्ञ भंगुरता म्हणतात. शब्द फसवा आहे. शुद्ध वाळूची काच सावकाश पातळ होते, म्हणून या मापाने ती दणकट. आपटली तर फुटतेच! झिर्कोनियमची काच मधल्या फळीतली, दणकटपणाकडे झुकलेली. तिच्या दाट द्रवात अणू हळू सरकतात, म्हणून रांग धरायला उशीर लागतो. एरवी ती बाटलीपेक्षा कितीतरी चिवट. मात्र मऊपणाच्या जरा खालच्या तापमानाला फार वेळ ठेवली, तर ठिसूळ होते.