लाल डोंगराचा रूळ होतो तेव्हा

गोंदियाच्या फलाटावर मी एकदा गाडीची वाट बघत उभी होते. एवढ्यात पलीकडच्या मार्गावरून एक मालगाडी अगदी सावकाश आली. वाघिणींना भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. त्यांवर होते फक्त रूळ! पहिल्या वाघिणीवर सुरू झालेला रूळ दुसरीवर गेला, तिसरीवर गेला, दहावीवर गेला, तरी संपेना. आणि गाडी वळणावर आली तशी खरी गंमत झाली. ते सगळे रूळ गाडीबरोबर वळले! ओल्या दोरखंडासारखे, अलगद.

पोलादाचा रूळ वाकतो? आणि तोही इतका सहज?

घरात शिंप्याकडे असते तशी लांब पोलादी पट्टी असेल तर एक प्रयोग करा. पट्टीचं टोक हातात धरून ती आडवी धरा. तिचं दुसरं टोक लवतं की नाही? आता तीच पट्टी दोन्ही हातांनी अगदी जवळजवळ धरा आणि तेवढाच तुकडा वाकवून बघा. जमत नाही. पट्टी तीच, पोलाद तेच, पण लांबी वाढली की थोडं थोडं लवणं साठत जातं. मी पाहिलेला एकेक रूळ २६० मीटर लांब होता. म्हणजे प्रवासी गाडीचे साधारण अकरा डबे एकापुढे एक लावले तर होईल तेवढा. एका मीटरमागे तो इतका कमी वाकतो की डोळ्यांना कळतही नाही. वळण संपलं की पुन्हा सुतासारखा सरळ!

हे रूळ येत होते भिलाईहून.

भिलाई छत्तीसगडात आहे, मुंबई-हावडा लोहमार्गावर. नागपूरहून पूर्वेला निघालात की गोंदिया, मग टेकडीवरच्या बमलेश्वरीचं डोंगरगड, मग राजनांदगाव आणि सुमारे २६५ किलोमीटरवर दुर्ग. दुर्ग संपतं कुठे आणि भिलाई सुरू होते कुठे, हे गाडीतून कळत नाही. दोन्ही शहरं वाढत वाढत एकमेकांना चिकटली आहेत. २०११ च्या जनगणनेतच दोघांची मिळून लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेली होती. सत्तर वर्षांपूर्वी मात्र इथे धानाची शेतं होती आणि लहान लहान खेडी.

मग हे एवढं मोठं शहर इथेच का उगवलं? त्याची गोष्ट नागपूरच्या अजब बंगल्यापासून सांगावी लागते. हो, तोच, आपला वस्तुसंग्रहालयाचा अजब बंगला!

विसाव्या शतकाची नुकती कुठे सुरुवात झाली होती. जमशेटजी टाटांना भारतात पोलादाचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी त्यांचा मुलगा दोराबजी आणि अमेरिकेहून आलेले भूगर्भतज्ज्ञ वेल्ड चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, लोखंडाचे दगड शोधत फिरत होते. लोहारा गावाजवळ चांगले दगड मिळाले, पण मोठ्या कारखान्याला पुरतील एवढे नव्हते. शोध सोडून द्यायची वेळ आली. हे सांगायला दोराबजी नागपूरला एका मोठ्या अधिकाऱ्याकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. मग वेळ घालवायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा रंगीत नकाशा होता आणि दुर्ग जिल्ह्यावर लोखंड दाखवणारा गडद रंग!

विचार करा, साहेब भेटले असते तर?

मंडळी दुर्गकडे निघाली. दल्ली आणि राजहरा नावाच्या टेकड्यांवर चढली. चढताना पायाखालची जमीन धातूसारखी खणखणत होती, असं त्यांच्या हकिकतीत सांगितलेलं आहे. अख्खी टेकडीच लोखंडाच्या दगडांची! त्या आधी काही वर्षं, १८८७ च्या सुमारास, प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने या टेकड्यांची नोंद करून ठेवली होती. माणसं विसरली होती, नकाशा विसरला नव्हता. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडतात ते बोसच. उन्हातान्हात पायी हिंडून त्यांनी दगड तपासले, म्हणून तर पुढे कुणाला तरी भिंतीवर तो रंग दिसला.

पण टाटांनी कारखाना इथे काढला नाही. दगड उत्तम होता, पण भट्टीला लागतो तसा कोळसा जवळ नव्हता आणि पाणीही पुरेसं नव्हतं. पुढे त्याच बोसांनी त्यांना मयूरभंजच्या डोंगरांची माहिती कळवली आणि टाटांचा कारखाना तिकडे, आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. दल्ली-राजहरा आणखी पन्नास वर्षं तशीच उभी राहिली, पावसात न्हात, लाल.

ती लाल का होती, सांगा बरं? तुमच्या सायकलीची साखळी पावसात राहिली की ती तांबूस होते ना, त्याच कारणाने! लोखंडाने हवेतला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवला की त्याचा रंग तांबडा होतो. गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन, आणि थोडं पाणी. दल्लीचा दगड म्हणजेही लोखंड आणि ऑक्सिजन. खिळ्याचा गंज आणि लोखंडाचा डोंगर हे अगदी जवळचे नातेवाईक आहेत.

२ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि भिलाईला सरकारी पोलाद कारखाना काढायचं ठरलं. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी कुठली होती माहीत आहे? नागपूर! आता पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन्ही अडचणी सुटल्या होत्या. तांदुळा नदीवर धरण झालं होतं. आणि कोळसा? तो दूरवरून रेल्वेने आणता येणार होता. दल्ली-राजहराहून लाल दगड, नंदिनीहून चुनखडी, हिर्रीहून डोलोमाइट, बालाघाट आणि आपल्या भंडाऱ्याकडून मँगनीज, सगळं रेल्वेच्या वाघिणींतून भिलाईला यायला लागलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

झोतभट्टी म्हणजे एक उंचच उंच धुराडं समजू नका, ते एक पोट आहे. वरून दगड, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकत राहायचे आणि खालून तापलेल्या हवेचा जोरदार झोत सोडायचा. कोक म्हणजे कोळसा हवा न लागू देता भाजून केलेलं इंधन. कोक जळला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो आणि हा वायू ऑक्सिजनचा फार भुकेला. तो लाल दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो. उरतं लोखंड, वितळून पाण्यासारखं झालेलं. दगडातली माती-वाळू चुनखडीला चिकटते आणि धातुमळी होऊन लोखंडावर तरंगते, वरणावरच्या तेलासारखी. ती वेगळी काढतात आणि तिचं सिमेंट होतं. भट्टीतून बाहेर येणारं लोखंड सुमारे १५०० अंश सेल्सिअस असतं. पाणी १०० अंशांवर उकळतं, हे आठवा म्हणजे अंदाज येईल. ही भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. दिवाळी असो, होळी असो, तिला भरवत राहावं लागतं. म्हणून भिलाईत कामाच्या पाळ्या असतात आणि तिथल्या कितीतरी मुलांचे आईबाबा रात्री कामावर निघतात.

भिलाईच्या एका भट्टीचं नाव आहे महामाया. छत्तीसगडात रतनपूरला महामाया देवीचं प्रसिद्ध मंदिर आहे, ते हेच नाव. या भट्टीच्या पोटात ४०६० घनमीटर जागा आहे. शाळेचे मध्यम आकाराचे पस्तीस-चाळीस वर्ग तिच्यात मावतील!

पण झोतभट्टीतलं लोखंड अजून रुळाच्या कामाचं नाही. त्यात कार्बन फार असतो, शंभर किलोत चारेक किलो, त्यामुळे ते ठिसूळ असतं. मग त्यात शुद्ध ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळतात. रुळाच्या पोलादात कार्बन शंभर किलोत किलोभराहूनही कमी लागतो आणि मँगनीज साधारण किलोभर.

यानंतरची पायरी मला फार विलक्षण वाटते. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन वायू विरघळलेला असतो, अगदी कणभर. पण तो आत अडकला तर थंड झाल्यावर पोलादाच्या पोटात केसाहून बारीक भेगा पाडू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एके दिवशी धावत्या गाडीखाली रूळ तुटतो. म्हणून वितळलेलं पोलाद निर्वात जागेत नेतात. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडलं की बुडबुडे वर येतात ना, तसा वरचा दाब गेला की हायड्रोजन बाहेर पडतो. रुळाच्या पोलादात दहा लाख भागांत हायड्रोजनचे दोन भागसुद्धा चालत नाहीत! आपण गाडीत निवांत झोपतो, त्याच्यामागे ही एवढी काळजी असते.

मग पोलादाचा जाडजूड ठोकळा पुन्हा तापवून लालबुंद करतात आणि खाचा असलेल्या प्रचंड लाटण्यांमधून पुढे-मागे लाटतात. दर फेरीला तो बारीक आणि लांब होतो. शेवटी तयार होतो एकसंध १३० मीटरचा रूळ. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे, म्हणजे याच्या अर्ध्याहून जरासाच जास्त. असे दोन रूळ टोकाला टोक लावून, वीज सोडून तापवून, दाबून जोडले की माझा गोंदियाचा २६० मीटरचा रूळ झाला. जुन्या गाड्यांचा 'खटक-खटक' आवाज रुळांच्या सांध्यांमुळे यायचा. सांधे कमी झाले, तसा तो आवाजही कमी होत गेला.

रूळ गरम असतानाच कापावा लागतो आणि निवताना तो आखडतो. १३० मीटरचा रूळ जवळजवळ दीड मीटरने! म्हणून तो आधीच जास्त लांब ठेवतात. आणखी एक भानगड असते. रुळाचं डोकं जाड, तळ पातळ आणि पसरट. तळ लवकर निवतो, डोकं मागाहून निवतं आणि मागाहून आखडतं. त्यामुळे रूळ डोक्याच्या बाजूला वाकायला लागतो. यावर उपाय काय असेल? गरम असतानाच त्याला मुद्दाम उलट्या बाजूला बाक द्यायचा! मग निवता निवता तो आपोआप सरळ होत येतो. राहिलेला बारीकसा वाक पुढे यंत्र काढतं. सरळ रूळ हवा म्हणून आधी वाकडा रूळ करायचा, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता भिलाई शहराकडे एक नजर. कारखान्याची वसाहत सेक्टरांमध्ये वसवलेली आहे, झाडांच्या रांगा असलेली. कामासाठी तामिळनाडूपासून पंजाबपर्यंतची माणसं आली आणि मराठी कुटुंबंही आली. म्हणून लोक तिला लघुभारत म्हणतात. रशियन तंत्रज्ञही कुटुंबांसह इथे राहिले होते. त्या मैत्रीची आठवण म्हणून 'मैत्रीबाग' हे प्राणिसंग्रहालय आहे, तिथे पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. पंडवानी गाऊन महाभारत जिवंत करणाऱ्या तीजनबाई याच परिसरातल्या गनियारी गावच्या, आणि त्यांनी या कारखान्यात नोकरीही केली. आता तर भिलाईला आयआयटीसुद्धा आहे.

दल्ली-राजहराच्या टेकड्या मात्र खणून खणून संपत चालल्या आहेत. डोंगर पुन्हा उगवत नाही. म्हणून आणखी दक्षिणेला, रावघाटच्या डोंगरांकडे लोहमार्ग जातो आहे. अंतागडपर्यंत प्रवासी गाडीही सुरू झाली. तिकडे दाट जंगल आहे आणि त्या डोंगरांना आपलं मानणारी गोंड माणसं आहेत. तुम्ही मोठे होऊन नकाशे काढाल तेव्हा नकाशात दगडाच्या रंगाबरोबर हे जंगल आणि ही गावंही काढा, एवढं मला तुमच्याकडून हवं आहे.

पुढच्या प्रवासात फलाटावर असाल तेव्हा, फलाटाच्या पिवळ्या रेघेच्या आत उभं राहूनच, समोरच्या रुळाच्या कमरेकडे बघा. तिथे उठावाची अक्षरं असतात. कारखान्याचं नाव, एका मीटरचं वजन, तयार झाल्याचा महिना रोमन आकड्यात आणि वर्ष. '६०' दिसलं तर त्या रुळाचा प्रत्येक मीटर ६० किलोचा, म्हणजे पाचवीतली दोन मुलं मिळून भरतील तेवढा. रुळाचा माथा चाकांनी घासून घासून चांदीसारखा चमकत असेल. खाली कमरेला मात्र तो तांबूस दिसेल. तो रंग ओळखलात ना? दल्लीच्या टेकडीचा.